ओल्या हळदीची वाटणी

हळद शिजायला लागली की माझं डोकं फिरतं. माघ सरत येतो, शिवारात पाला कापलेल्या हळदीच्या सऱ्या उघड्याबोडक्या दिसू लागतात, ट्रॅक्टरमागं जोडलेले वाफेचे कुकर गावोगाव हिंडायला लागतात, आणि एखाद्या सकाळी शाळेच्या कुलपाला किल्ली लावताना तो वास नाकात शिरतोच. गरम माती, ओलं लाकूड आणि कडू काढा एकाच भांड्यात उकळावा तसा. माझ्या सोबतच्या शिक्षिका तो छाती भरून घेतात. कुणाला माहेर आठवतं, कुणाला स्वतःचं लग्न. मला कुऱ्हाड आठवते, रेणुका नावाची एक आठ वर्षांची मुलगी आठवते, आणि त्या दिवशी मी पोरांवर उगाच खेकसते.

"मॅडम, तुमचं डोकं दुखून राहिलं का?" पुढच्या बाकावरचं एखादं लेकरू विचारतं.

"व्हय," मी म्हणते. मग वर्ग थोडा वेळ गप्प बसतो. तेवढाच त्या वासाचा फायदा.

सध्या मी औंढ्याजवळच्या एका शाळेत आहे. तिसरी माझ्याकडे. तिसरी म्हणजे भागाकार. तो तसा दिवाळीनंतरच सुरू होतो, पण पोरांच्या डोक्यात उतरेपर्यंत हळद निघते आणि वर्गातली निम्मी पोरं आयांबरोबर हळद वेचायला शेतात जातात. उरलेली निम्मी पिवळ्या बोटांनी पाट्या पुसत समोर बसलेली असतात. त्यांच्यापुढं मी चिंचोक्यांची पिशवी ओतते आणि म्हणते, चला, वाटा.

इतकी वर्षं शिकवतेय, पण एक गोष्ट काही बदलली नाही. बेरीज करताना पोरं भांडत नाहीत. गुणाकार तर ती तालात गातात. वजाबाकीला जरा तोंडं वाकडी करतात, कारण आपल्याजवळचं काहीतरी जातं. पण वाटणी म्हटली की जुंपलीच. बारा चिंचोके, तिघं जण, प्रत्येकाला एकेक देत जा, संपेपर्यंत, एवढं सांगून मी फळ्याकडं वळले की मागं कुणीतरी कुणाच्या मनगटाला चावलेलं असतं. चिंचोक्यांसाठी! खायचे नाहीत, विकायचे नाहीत, तास संपला की परत पिशवीत जायचे. तरी चावायचं.

"मॅडम, यानं जाडजाड घेतले!"

"चार-चारच आलेत ना? मग सारखेच झाले."

"सारखे कसे? त्याचे जाड हायेत, माझे चपटे."

पुस्तकात या तक्रारीला उत्तर नाही. पुस्तकातले आंबे, फुगे, लाडू सगळे एका मापाचे छापलेले असतात. पुस्तक लिहिणाऱ्यांना भावकी नसावी, असं मला नेहमी वाटतं.

मी स्वतः भागाकार मार खाऊन शिकले. आमच्या गुरुजींकडं निंबाचा हिरवा फोक असायचा. हिरवा अशासाठी, की वाळका मोडतो. भाग जास्त लावला तर डाव्या हातावर, कमी लावला तर उजव्या. बोटं सुजून पेन्सिल धरता यायची नाही, मग अक्षर वाईट आलं म्हणून पुन्हा. आमचे बाबा मजुरीला जाताना शाळेवरून जायचे आणि दारातूनच हात जोडून सांगायचे, "गुरुजी, चमडी तुमची, हाडं आमची." म्हणजे माझी वाटणी आधीच झालेली होती. मला त्यात काहीच आलं नव्हतं. संध्याकाळी आई माझ्या हातांना तेल-हळद चोळायची आणि बाबा विचारायचे, "आला का भागाकार?" मी शिकावं एवढीच त्यांची तळमळ होती, आणि मार खाल्ल्याशिवायही विद्या येते हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मी शिक्षिका झाले तेव्हा ठरवलं, की माझ्या वर्गात वाटणी शिकताना कुणाचं रक्त निघणार नाही. असलं काही ठरवू नये.

तेव्हा मी पुसेगावच्या पुढं एका आडवळणी गावात होते. दोन खोल्यांची शाळा, पुढं ओसरी, मागं खिचडी शिजवायची पत्र्याची खोली. शिक्षक दोघं, एक मी आणि एक मुख्याध्यापक, आणि मुख्याध्यापक बहुतेक दिवस मीटिंगला. शाळेच्या कुंपणाला लागूनच उत्तम आणि बालाजी या सख्ख्या भावांचं शेत. उत्तम थोरला, बालाजी धाकटा. दोघांच्या मुली माझ्या वर्गात, एकाच बाकावर. उत्तमची शीतल आणि बालाजीची रेणुका. शीतल हळवी, कशालाही डोळ्यांत पाणी. रेणुका हट्टी, हनुवटी पुढं काढून बोलणारी. एकीनं पाणी प्यायलं की दुसरीला तहान लागायची.

त्या गावात वाटणीची एक रीत होती, आपल्याकडं बऱ्याच ठिकाणी आहे. वाटे थोरल्यानं पाडायचे आणि उचलायचा आधी धाकट्यानं. थोरल्याच्या हातात माप, धाकट्याच्या हातात निवड. थोरल्यानं लबाडी केली तर तीच त्याच्या गळ्यात पडणार. मला ती रीत इतकी आवडली की मी ती उचलून वर्गात आणली. जोड्या पाडल्या. एकानं चिंचोक्यांचे दोन ढीग करायचे, दुसऱ्यानं आधी उचलायचा. आणि काय सांगू, चावाचावी थांबली! शीतल काही महिन्यांनी मोठी, म्हणून ढीग ती पाडायची. जीभ बाहेर काढून, एक जाड एक चपटा, एक जाड एक चपटा, असं लावत बसायची. रेणुका दोन्ही ढिगांवरून हात फिरवायची, बाजारात खरबूज दाबून बघतात तसं बघायची, आणि शेवटी शीतलकडं बघून हसत कुठलाही उचलायची. विषम संख्या दिली की एक चिंचोका उरायचा. तो त्या दोघी शाळेमागं पुरून यायच्या, उगवेल म्हणून.

त्या वर्षी संक्रांतीनंतर उत्तम-बालाजीच्या चुली वेगळ्या झाल्या. कारण विचारू नका. घरोघरी मातीच्या चुली असतात, इथं एका घरात दोन झाल्या, एवढंच. जमीन मात्र एकत्र होती आणि हळदही एकत्र लावलेली होती. ती निघाली आणि सलीमभाईचा कुकर आला. सलीमभाई हिंगोलीचा, वेल्डिंगचं दुकान असलेला. कुकर त्यानं स्वतः जोडून केलेला, आणि हळदीच्या दिवसांत दुकान भावावर सोडून तो गावोगाव फिरायचा. शाळेच्या खिडकीतून सगळं दिसायचं. भट्टीत लाकडं धडधडायची. ड्रमचं तोंड उघडलं की पांढऱ्या वाफेचा लोट थेट आमच्या वर्गात यायचा आणि फळा ओला व्हायचा. शिजलेली हळद जमिनीवर ओतली की बराच वेळ धुमसत राहायची.

शिजली की ती ताडपत्रीवर पसरायची, उन्हात खडखडीत वाळवायची, पॉलिशच्या ढोलात घासायची आणि मग वाटायची. ओली हळद कुणी वाटत नाही, कारण ओलीचा भरवसा नसतो. पाणथळ वावरातली फुगलेली असते, माळावरची घट्ट. वाळताना एक पार खाली बसते, दुसरी तेवढी आटत नाही. हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण वाळवायची कुणाच्या दारात? उत्तमच्या दारात पसरली तर बालाजीला झोप लागेना, बालाजीच्या दारात पसरली तर उत्तमच्या बायकोला. शेवटी दोघांनी ठरवलं, कुकरच्या तोंडाशीच वाटून घेऊ, ज्याची त्यानं आपापल्या दारात वाळवावी.

"ओली मत बाटो, भाई," सलीमभाई म्हणाला. "सूखने दो. थोडे रोज ठैरो."

"तू तुझा कुकर बघ," उत्तम म्हणाला.

पी हळद अन् हो गोरी, अशी दोघांची घाई. उत्तमनं रीतीप्रमाणं दोन ढीग घातले. बालाजीनं दोन्हींभोवती फेरी मारली आणि मोठा दिसणारा उचलला. तो पाणथळीकडचा होता. उत्तमला ते माहीत होतं का? मला विचाराल तर नव्हतं. सगळी हळद चिखलाच्या रंगाची, वाफेनं झाकलेली, कुठल्या खेपेतली कुठली हे सलीमभाईलाही सांगता आलं नसतं. पण मला कुणी विचारलं नाही.

वाळत गेली तसा बालाजीचा वाटा बसत गेला. रोज सकाळी तो ताडपत्रीवर पाय फिरवायचा आणि रोज त्याला ती कालच्याहून कमी वाटायची. समोर भावाचं अंगण भरलेलं. पारावरचे लोक त्याला विचारायला लागले, "काय बालाजी, मोठा उचलला म्हणं तू!" आणि हसायचे. ते हसणं मी माझ्या कानांनी ऐकलंय. कुणाचं नुकसान झालं तर गाव हळहळतं, पण त्यानं ते स्वतःच्या हातानं उचललं असेल तर गाव पोट धरून हसतं. बालाजीला तक्रार करायलाही तोंड नव्हतं. उचलला तू, आता बोंबलतो काहून? अशी ती शहाणी रीत. मला तिचा तेव्हापासून राग येतो.

त्याच आठवड्यात मधल्या सुट्टीत रेणुका माझ्या टेबलाशी आली. "मॅडम, मोठ्या बाबानं वाटे सारखे घातले व्हते ना?"

"घातले असतील."

"मग ते सारखे काहून ऱ्हायले न्हाईत?"

मी तिला ओलं आणि वाळलेलं समजावलं. फळा पुसायचं फडकं भिजवून तिच्या हातात दिलं, मग वाळलेलं दिलं. तिनं दोन्ही तोलून पाहिली आणि मान डोलावली. पण घरी तिला दुसरं उत्तर मिळत होतं, आणि घरचं उत्तर मोठ्या आवाजात होतं.

एक-दोन दिवसांनी शीतलनं नेहमीसारखे ढीग पाडले. रेणुकानं उचलला नाही.

"तू पाणी घातलं असशील," ती म्हणाली.

"चिंचोक्याला पाणी?" शीतल हसली.

तेवढंच कारण. रेणुकानं पाटी उचलून तिच्या तोंडावर आडवी हाणली. लाकडी चौकटीचा कोपरा ओठात घुसला, एक दात बाहेर आला, चिंचोक्यांवर रक्त सांडलं. आणि वर्गातली बाकीची पोरं! लगेच दोन तट पडले. "हाण! हाण!" अशी ओरडायला लागली. ती 'हाण' त्यांच्या बापांची होती, आवाज फक्त बारीक. मी रेणुकाचा हात धरला, तर शीतल रक्ताळलेल्या तोंडानं मलाच सांगत होती, "मारू नका मॅडम तिला, मारू नका." मला दोघींना पोटाशी धरून रडावंसं वाटलं. थोरल्यांची मला पर्वा नव्हती. करू देत त्यांनी एकमेकांच्या चिंध्या. मला भीती वाटली ती एवढीच, की ही पोरगी आता त्यांच्यासारखी होणार. मी रेणुकाचं दप्तर उचललं आणि तिला मागच्या दाराशी एकटं बसवलं.

औंढ्याच्या बसस्टँडवर सोमवारी उभं राहून बघा. नागनाथाला आलेली माणसं एका बाजूला, कोर्टाच्या तारखेला आलेली दुसऱ्या बाजूला. कपाळं दोन्हीकडं रंगलेली. एकीकडं गंधानं, दुसरीकडं पट्टीतून झिरपलेल्या औषधानं. परवा तिथं एक म्हातारे गृहस्थ मला अभिमानानं सांगत होते, की बांधाच्या खटल्यात त्यांची तिसरी पिढी लढतेय. बांध केवढा, तर बैल आडवा उभा राहणार नाही एवढा. मी त्यांना विचारलं, तुम्हाला शाळेत भागाकार कुणी शिकवला? ते म्हणाले, काहून, बरा शिकवला की! बस आली म्हणून पुढचं बोलणं राहिलं.

तर शाळेबाहेर मोठ्यांचं वेगळंच चाललं होतं. एका सकाळी उत्तमच्या ठिबकच्या नळ्या विळ्यानं कापलेल्या सापडल्या. मग बालाजीचं कुत्रं विहिरीत तरंगताना दिसलं. मग पाण्याच्या टाकीपाशी उत्तमनं बालाजीला वेळूनं मारलं, सगळ्यांसमोर, पाण्याच्या वेळेला. मी ओसरीतून पाहिलं. अंगावर वेळू पडताना गादी झोडपल्यासारखा आवाज येतो. बालाजी पडला तरी उत्तम मारत राहिला, आणि बघणारे 'बस झालं, बस झालं' म्हणत जागचे हलले नाहीत. दोघांच्या बायका मध्ये पडल्या, त्यांना ढकलून दिलं. शेवटी उत्तमच थकला. त्यानं वेळू टाकला आणि नळाखाली हात धुतले. बालाजी उठला, भावाकडं बघितलं आणि काहीच न बोलता निघून गेला. त्यानं एक सणसणीत शिवी हासडली असती तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी परिपाठ झाला, हजेरी झाली, आणि मी बाकी उरणारा भागाकार शिकवायला घेतला. फळ्यावर सतरा भागिले पाच लिहिलं. तेवढ्यात बाहेर मोटरसायकल पडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ एक ओरड. मी दाराकडं वळते तोवर उत्तम धडपडत आत आला. डावा खांदा सदऱ्यासकट उघडा पडला होता आणि आत पांढरं काहीतरी दिसत होतं. तो फळ्याला टेकून खाली घसरला आणि माझं उदाहरण निम्मं पुसलं गेलं.

"दार लावा मॅडम! मारून राहिला त्यो मला!"

मी दार लोटलं. पुढच्या दाराची कडी दिवाळीच्या सुट्टीपासून तुटलेली. मी पाठ लावली, टाचा फरशीत रोवल्या. दाराला अडसर म्हणून पोरं बाक माझ्याकडं ओढायला लागली. बाहेरून पहिला धक्का बसला तेव्हा माझे दात एकमेकांवर आपटले.

"मॅडम, बाजूला व्हा," बालाजीचा आवाज. "तुमचं यात काई न्हाई."

"लेकरं आहेत आत, बालाजी! लेकरं आहेत!"

"लेकरांना भाईर काढा. त्याला ठिवा."

पोरं किंचाळत होती. एकानं बाकावरच ओकारी केली. शीतल बापाच्या अंगावर ओणवी होऊन त्याचा खांदा दोन्ही हातांनी दाबत होती आणि तिच्या बोटांमधून रक्त वर येत होतं. मग धक्के थांबले. पावलं ओसरीवरून गेली आणि भिंतीला वळसा घालून मागं निघाली. तो कुठं चाललाय ते मला कळलं, पण दार सोडलं असतं तर तो परत फिरला असता. मागच्या दाराशी रेणुका होती.

त्या दाराला आतून कडी होती, एका खिळ्यावर लोंबणारी. शेजारी गजांची खिडकी. खिडकीत बालाजीचा चेहरा आला. हळदीत वावरून त्याचे केस, भुवया सगळं पिवळं झालेलं, त्यावर घामाचे ओघळ. आवाज मात्र एकदम मऊ.

"रेणू. बाळा. कडी काढ."

रेणुका उठली आणि तिनं कडीवर हात ठेवला. बाप सांगेल ते करायची तिला सवय होती. मला ओरडायचं होतं. घशातून आवाज निघाला नाही.

"बाबा, कुऱ्हाड खाली ठिवा," ती म्हणाली.

"ठिवतो. तू काढ आधी."

"आधी ठिवा."

"रेणे, काढ म्हणतो ना! बाप कोण हाय तुझा? मी, का त्यो?"

तिनं मागं वळून फळ्याखालच्या चुलत्याकडं पाहिलं, शीतलकडं पाहिलं. मग पुन्हा खिडकीकडं तोंड केलं आणि हनुवटी पुढं काढली.

"न्हाई."

आमच्या भागात लेकरं बापाला असं म्हणत नाहीत. पोरी तर नाहीच नाही. बालाजीनं खिडकी सोडली आणि कुऱ्हाड दारावर पडली. पातं फळीत शिरलं, ओढून निघालं, पुन्हा शिरलं. प्रत्येक घावाला कडी उसळायची आणि रेणुका दोन्ही हातांनी ती खाली दाबायची. तो शिव्या देत होता आणि त्या शिव्या आता भावाला नव्हत्या, तिला होत्या. जन्मली तेव्हाच नरडं दाबायला पाहिजे होतं, असं तो तिला म्हणाला. ती रडत होती, नाक गळत होतं, पण कडी सोडत नव्हती. एका घावाला पातं फळी फोडून आत आलं, तिच्या डोक्याच्या जरासं वर, आणि लाकडाच्या कपच्या तिच्या केसांत पडल्या. तेव्हा माझा आवाज फुटला. काय ओरडले ते मला आठवत नाही. वर्गातली पोरं नंतर म्हणाली, मी नुसती रेणुकाचं नाव घेत होते.

सलीमभाईचा कुकर त्या दिवशी शेजारच्या वावरात लागला होता. तो आणि त्याची माणसं धावत आली. त्यांनी बालाजीला मागून धरलं, पाडलं, अंगावर बसले. झटापटीत सलीमभाईच्या हाताला पातं लागलं, तरी उत्तमला पिकअपमध्ये घालून हिंगोलीला त्यानंच नेलं. पिकअप दिसेनाशी झाली तरी रेणुका कडी धरून उभी होती. मी तिची बोटं एकेक करून सोडवली. तळव्यांची कातडी सोलून निघाली होती. शीतल जवळ आली, तिनं ते तळवे पाहिले आणि त्यांवर फुंकर घालायला लागली.

उत्तम वाचला. बालाजी आत गेला.

पोरांना निःशेष भाग जाणारी उदाहरणं फार आवडतात. काही उरत नाही, सगळ्यांना सारखं मिळतं, पाटी पुसून मोकळं. बाकी उरली की ती अस्वस्थ होतात. "मॅडम, हिचं काय करायचं?" असं दरवर्षी कुणीतरी विचारतंच. पुस्तक म्हणतं, ती बाजूला लिहायची. मी तसंच शिकवते, परीक्षेत गुण त्यालाच मिळतात. पण हळदीच्या दिवसांत हे वाक्य बोलताना माझी जीभ अडखळते.

गावात त्या दिवशी कुणीच काही पाहिलं नव्हतं. मी जे पाहिलं ते लिहून दिलं, आणि मला दोन-चार शहाण्या माणसांनी येऊन सांगितलं, की मॅडम, आपलेच दात अन् आपलेच ओठ असतात, तुमी बाहेरच्या, तुमी काहून तकलीफ घेता? बालाजी जामिनावर सुटला. पाहुणे बसले, सोयरे बसले, समेट झाला, खटला रेंगाळला. पुढच्या हंगामात दोघा भावांनी हळद एकाच ताडपत्रीवर वाळवली. त्याला मी वाईट म्हणत नाही. भावाभावांचं जुळलं तर मला आनंदच आहे.

पण त्या हंगामात रेणुका शाळेत येईना. आधी ताप म्हणाले, मग काम म्हणाले, मग कुणी काही म्हणेना. शेवटी शीतलनं खाली मान घालून सांगितलं, "काका तिच्यासंग बोलत न्हाईत, मॅडम. तिच्या हातचं पाणी पण पीत न्हाईत."

शाळा सुटल्यावर मी तडक त्यांच्या खळ्यावर गेले. ऊन उतरत होतं. पॉलिशचा ढोल फिरत होता आणि पिवळी धूळ एवढी, की माणसं जवळ गेल्याशिवाय ओळखू येईनात. दोघे भाऊ एका बाजेवर बसले होते. उत्तमचा डावा हात मांडीवर तसाच पडलेला, त्याचा त्याला काही उपयोग उरला नव्हता. बालाजीनं तंबाखू मळली आणि निम्मी चिमूट भावाच्या उजव्या तळहातावर ठेवली. रेणुका पलीकडं ढिगाशी बसून हळकुंडातले जाड गोल गड्डे वेगळे काढत होती.

"या मॅडम, बसा," उत्तम म्हणाला. "चहा सांगतो."

"चहा नको. रेणुकाला शाळेत पाठवा."

"ती न्हाई येणार," बालाजी माझ्याकडं न बघता म्हणाला. "मामाच्या गावी धाडून राहिलो तिला. बकऱ्या सांभाळंल तिकडं."

"काहून?"

"बापाला न्हाई म्हणायला शिकली ती शाळेत."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "बालाजी, तिनं कडी काढली असती तर आज तुम्ही फासावर असता. हा तुमचा भाऊ तुमच्या शेजारी बसून तंबाखू खातोय, तो तिच्या त्या दोन हातांमुळं!"

"ते बराबर हाय," तो शांतपणे म्हणाला. "पण बापाचं ऐकलं न्हाई तिनं."

मी उत्तमकडं पाहिलं. मला वाटलं, हा तरी बोलेल. जीव याचा वाचला होता. उत्तमनं तंबाखू ओठाखाली धरली, बाजूला थुंकला आणि मान डोलावली.

"त्याचं काई चुकत न्हाई, मॅडम," तो म्हणाला. "लेकरानं बापाचं ऐकावं."

रेणुका उठून माझ्याजवळ आली होती. सगळं ऐकलं होतं तिनं. वर्षभरात ती उंच झाली होती आणि तोंडावर हळदीचा थर बसला होता. माझ्या पदराचं टोक धरून ती हळूच म्हणाली, "मॅडम, मी कडी काढायला पायजे व्हती का?"

पोरांनी काही विचारलं की मी लगेच उत्तर देत नाही, तूच विचार करून सांग म्हणते. माझी ती शिकवायची पद्धत आहे. या वेळी मी बाजेकडं वळले आणि ढोलाच्या आवाजावर ऐकू जाईल, त्या दोघांना ऐकू जाईल, पलीकडच्या वावरात हळद वेचणाऱ्या बायांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं ओरडले, "न्हाई! न्हाई! न्हाई!"

ढोल थांबला. बालाजी बाजेवरून उठला. उत्तमनं चांगल्या हातानं त्याचं मनगट धरलं. रेणुकानं बापाकडं पाहिलं, चुलत्याकडं पाहिलं, मग ती ढिगापलीकडं गेली आणि माझ्यासोबत निघण्यासाठी आपल्या चपला शोधायला लागली.